दुसऱ्या कानाची जागा

स्कॅनरच्या काचेवर कोड उमटला आणि त्याचा अंगठा बटणावरच राहिला. एक अक्षर, चार आकडे आणि खाली एक ओळ: नॉक सेन्सर दोन, उत्तर नाही. दुपारची सुस्ती होती. कॉम्प्रेसर मधूनच उसासा टाकायचा आणि पुन्हा गप्प व्हायचा. असे कोड त्याने हजारांनी वाचले होते, वाचून पुसले होते, पुसून विसरलेही होते. पण आज शेवटच्या दोन शब्दांपाशी तो अडखळला, रोजच्या जिन्यात एखादी पायरी जास्तीची निघावी तसा. कोणीतरी विचारतंय आणि पलीकडून उत्तर नाही. त्याने बटण सोडलं, हात पँटला पुसला. हात कोरडाच होता.

गाडी जुनी, लांबोडकी, सहा सिलिंडरची. घरोघर जाऊन रुग्ण बघणाऱ्या एका नर्सबाईंची. तिचं मूळ इंजिन गेल्या महिन्यात पाणी आटून तापलं आणि कायमचं बसलं. मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने, ज्याचं हे गॅरेज, भंगारातून त्याच कंपनीचं पण चार वर्षं आधीचं इंजिन आणून हिच्यात बसवलं. बसलं छान. फरक एवढाच की मूळ इंजिनाला दोन कान होते. म्हणजे सुपारीएवढे दोन सेन्सर, इंजिनाच्या धडाला, म्हणजे ब्लॉकला, बोल्टने आवळलेले. पुढचा पहिल्या तीन सिलिंडरचं ऐकायचा, मागचा उरलेल्या तिघांचं. आत पेट्रोल वेळेआधी भडकलं की पत्र्यावर नख मारल्यासारखा बारीक ठोका पडतो. माणसाला तो ऐकू येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. हे कान तो आधी ऐकतात, कॉम्प्युटरला सांगतात, आणि कॉम्प्युटर ठिणगी थोडी मागे घेऊन जीव वाचवतो. नव्या, म्हणजे खरं तर अधिकच जुन्या, इंजिनाला मधोमध एकच कान. कॉम्प्युटर मात्र गाडीचा पहिलाच. दर वेळी चावी फिरली की तो सवयीने विचारणार: पुढे कोण? पुढून उत्तर येणार. मागे कोण? मागे ब्लॉकवर नुसती गोल जागा, भोकच न पाडलेली. मग तो भेदरणार, समोरच्या पट्टीवर पिवळा दिवा लावणार आणि सगळी ताकद हातची राखून ठेवणार. सपाट रस्त्यावर गाडी बरी. चढ आला की म्हातारीसारखी कमरेवर हात ठेवून थांबणार. आणि नर्सबाईंचे तीन रुग्ण टेकडीवरच्या वस्तीत.

मेहुण्याने वाकून कोड वाचला, आणि एखाद्याने ओळखीचा भिकारी बघून मान फिरवावी तशी मान फिरवली. त्याच्या मते ही पाच मिनिटांची गोष्ट होती. मागच्या कानाच्या मोकळ्या पडलेल्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडणीत, एक रेझिस्टन्स टाकायचा, मुगाच्या दाण्याएवढा. कानाचा जेवढा विरोध असतो तेवढाच त्याचा. कॉम्प्युटरला वाटतं, आहे बाबा कान जागेवर, गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे. दिवा विझतो. गाडी पळते. सगळ्या गॅरेजांमधून हे चालतं आणि ह्या गॅरेजातही चालत आलं होतं. फक्त त्याच्या हातून नाही. वीस वर्षांत असा दाणा बसवायची वेळ आली की त्याला नेमकं दुसरं काहीतरी निघायचं, आणि दुसरा वायरमन ते काम करून टाकायचा. तो वायरमन गेल्या आठवड्यात सोडून गेला होता.

"भाऊजी, तुमचे नखरे माहीत आहेत मला," मेहुणा म्हणाला. "पण बाईंना पाचला गाडी देतो म्हणून शब्द दिलाय. ब्लॉक खोलून भोक पाडत बसलात तर दोन दिवस. आज एवढं करा, देव तुमचं भलं करो."

त्याने खणातून दाण्यांची डबी काढली. कपलरची वायर सोलताना त्याच्या लक्षात आलं की आपण ती दातांनी सोलतोय. पक्कड समोर पडलेली होती. दातांत तांब्याची ती तुरट, थंड चव आली, आणि तिच्या मागोमाग ती खोली आली, तिला बोलवावं लागलं नाही.

ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. छातीचं दुखणं तिला लहानपणापासून. पुढे पुढे ती खाटेवरूनच घर चालवायची असं आई म्हणे, आणि ते खरं होतं. तिला दमाने बोलावं लागे म्हणून ती थोडक्यात बोले, आणि थोडक्यात बोलायचं तर यमक जुळवलेलं काय वाईट, असा तिचा हिशेब. दोन दोन ओळी बांधायची, सगळ्यावर बांधायची: गळक्या नळावर, वडिलांच्या घोरण्यावर, डॉक्टरांच्या बुटांवर. स्वतःच्या श्वासावरसुद्धा.

श्वास माझा पाहुणा, उंबऱ्यातच थांबे,
आत ये म्हणते मी, पाऊल त्याचं लांबे.

हे ऐकून आई रागवायची आणि ती हसायची, हसताना खोकायची. तो बारा वर्षांचा. घरातला प्रत्येक रेडिओ त्याने खोलून झाला होता. त्यानेच तिला ती घंटी करून दिली. खरं तर घंटी नव्हे, दिवा. आईचं शिवणयंत्र बाहेरच्या खोलीत दिवसभर खडखडायचं, त्यात ताईची हाक बुडून जायची. म्हणून दाराच्या चौकटीतून तार ओढून त्याने एक दिवा आपल्या पोटमाळ्यावर लावला आणि जुन्या घंटीचं बटण तिच्या उशाशी ठेवलं. तिने दाबलं की वर दिवा लागे. त्याने वरून आपलं बटण दाबलं की तिच्या उशाशी दुसरा दिवा लागे. त्या दिव्याचा अर्थ: ऐकलं, येतो. पहिल्या दिवशी तिने पंचवीस वेळा दाबलं असेल. संध्याकाळपर्यंत ओळी तयार होत्या.

पलीकडच्या भिंतीला भाऊ माझा जागा,
तांब्याच्या तारेचा मधे बांधला धागा.

ते कौतुक महिनाभर टिकलं. मग तो कंटाळला. पाणी दे, खिडकी लाव, खिडकी उघड, हे ऐक जमलंय का. बारा वर्षांचं पोर. त्याच्या हातात दुसरीच कामं असायची. आणि तो वर नसला, दिवा लागला नाही, की ती आईकडे तक्रार करी, फार नाही, एका ओळीत. तेव्हा एका दुपारी त्याने चार इंच तारेची दोन्ही टोकं दातांनी सोलली आणि तिचा उत्तराचा दिवा तिच्याच बटणाला जोडून टाकला. पाच मिनिटांचं काम. आता ती दाबे आणि तिचाच दिवा तिला सांगे: ऐकलं, येतो. तो वर असो, नसो. जमेल तेव्हा खाली उतरून तो म्हणे, कामात होतो. चार दिवसांनी ती त्याला म्हणाली होती, तू हल्ली झोपतोस तरी कधी रे, बघावं तेव्हा जागा. त्याला इतकं हसू आलं होतं की तो पाण्याच्या निमित्ताने बाहेर पळाला. ते हसू त्याला अजून आठवे. बाकी सगळं आठवण्याआधी तेच आठवे, पोटातून वर आलेलं, गोड हसू.

कथील वितळलं, चकाकलं, गोठलं. दाणा बसला. त्याने वर नळी चढवून ती गरम करून आवळली, कपलर जागेवर ढकलला. टक् असा आवाज झाला. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पिवळा दिवा क्षणभर राहिला आणि विझला. स्कॅनर म्हणाला, एकही दोष नाही. मेहुण्याने लांबूनच दोन्ही हात जोडून दाखवले.

पाचला नर्सबाई आल्या. चाळिशीच्या, हातात भली मोठी पिशवी, तोंडाचा पट्टा सुरूच. इंजिन बदललं म्हणून गाडीने आपल्याला ओळखलं नाही तर काय करू, असं मेहुण्याला विचारत त्या आत बसल्या आणि ह्याला म्हणाल्या की दादा, चला टेकडीपर्यंत, हिने चढ चढून दाखवला तरच नेईन. गॅरेजात येणाऱ्या बायकांना सगळे ताई म्हणत. तो मॅडम म्हणे. एवढ्या वर्षांत कोणालाही तो ताई म्हणाला नव्हता, आणि हे कोणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं. तो शेजारी बसला. गाडीने वळण घेतलं, चढ आला, आणि इंजिनाने सगळी ताकद मोकळी केली. बाईंनी आनंदाने आरशात स्वतःकडे बघितलं.

तो ऐकत होता. पुढच्या तिघांचं, मागच्या तिघांचं. ठोका नव्हता. निदान त्याला ऐकू येईल असा नव्हता. आज नसेल, उद्या उन्हात, भरल्या गाडीने, हलक्या पेट्रोलवर पडेल. मागच्या तिघांत पडेल, आणि कॉम्प्युटर त्या दाण्याला विचारेल, मागे कोण, आणि दाणा म्हणेल, सगळं ठीक. महिनोन्‌महिने म्हणेल. एके दिवशी पिस्टनला भोक पडेपर्यंत म्हणत राहील, इमानेइतबारे.  त्याने काच खाली घेतली.

बाई बोलतच होत्या. पहिलं इंजिन तापायला लागल्यापासून त्यांना रात्री झोप नव्हती. वाटेत गाडी बंद पडली तर टेकडीवरचे तिघं काय करतील. एका म्हाताऱ्याची जखम रोज बांधावी लागते, तो म्हणे त्या आल्याशिवाय पाय हलवत नाही. मग त्यांनी समोरच्या पट्टीवर बोटाने टिचकी मारली. "हा दिवा विझलेला बघितला ना दादा, की मी निर्धास्त. मग मी दुसरं काहीच बघत नाही."

"थांबवा गाडी," तो म्हणाला.

त्यांना वाटलं त्याला उलटी होतेय. त्यांनी लगेच कडेला घेतली, एका बंद दुकानासमोर, आणि पिशवीत हात घातला. तो उतरून बॉनेटपाशी गेला, ते उघडलं नाही, तसाच हात ठेवून उभा राहिला. पत्रा गरम होता. त्या उतरल्या तेव्हा त्याने सांगितलं. दाण्याचं सांगितलं, नसलेल्या कानाचं सांगितलं. सांगताना आवाज इतका बारीक येत होता की त्यांना दोनदा विचारावं लागलं. ऐकून झाल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे मी निर्धास्त होऊ नये असं तुम्हाला कळत होतं, आणि तरी तुम्ही लावलात."

"हो."

"मग काढा."

त्याने काढला. खिशातल्या चाकूने नळी चिरली, वायरी तोडल्या, दाणा गटारात टाकला. पिवळा दिवा लागला आणि इंजिन लगेच आखडलं. उतारावरून परत येताना बाई रागावल्या होत्या आणि रागात नीट गाडी चालवत होत्या. शेवटी त्यांनीच हिशेब मांडला: दोन दिवस भावाची स्कूटर घेईन, त्याची बायको कुरकुरेल, कुरकुरू दे. तुम्ही ते भोक पाडा आणि खरा कान बसवा. गॅरेजाच्या फाटकाशी त्यांनी इंजिन बंद केलं, पण उतरल्या नाहीत.

"दादा, एक विचारते. आमच्याकडेही चूक होते. चुकीचं औषध जातं. ज्याने दिलं तो बोलला तर सुधारता येतं, म्हणून तो बोलला की आम्ही त्याला ओरडत नाही. न बोलणाऱ्याचं काय होतं, माहीत आहे? तो दर पेशंटच्या अंगावर तेच औषध बघतो." त्यांनी पिशवी उचलली. "तुम्ही रस्त्यात उतरलात तेव्हा तुमचा चेहरा गाडीचा नव्हता."

मेहुणा काय काय बोलला ते त्याने ऐकून घेतलं. मग हात धुतले. साबणाने दोनदा धुतले तरी दातांतली चव गेली नव्हती.

घरी पायी वीस मिनिटं. रस्त्यावर माणसं होती, दुकानं होती, एक बाई वरच्या मजल्यावरून खाली कोणाला तरी किल्ली टाकत होती. तो चालत होता आणि ती संध्याकाळ बरोबर चालत होती. त्या दिवशी तो जुन्या स्पीकरांतली लोहचुंबकं गोळा करायला भंगाराच्या आवारात गेला होता. दोनला गेला, साडेपाचला आला. खिसे जड. बाहेरच्या खोलीत आईचं मशीन चालू होतं. तो मागच्या जिन्याने सरळ पोटमाळ्यावर चढला, आणि बघतो तर त्याचा दिवा लागलेला. लागलेला म्हणजे कसा. आतली तार नुसती लाल, सुईत ओवता येईल अशी. सेल त्याने सकाळीच नवे घातले होते. तो तिथे उभा राहिला. मग जे केलं ते त्याच्या हातांनी केलं. ताईच्या खोलीत जायच्या आधी त्याने चौकटीमागची ती चार इंच तार ओढून काढली आणि खिशात, चुंबकांत घातली. मगच तो आत गेला. तिचा अंगठा बटणावर होता. त्याला तो उचलावा लागला. नंतर त्याने आईला हाक मारली, आणि मशीन थांबलं.

डॉक्टर म्हणाले, झोपेत गेली असावी. आईने ते धरून ठेवलं. तिथे घंटी होती ना, आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, तिला काही होत असतं तर तिने दाबली नसती का. माझा मुलगा वरच असतो. दाबली नाही म्हणजे तिला कळलंच नाही. बेचाळीस वर्षं आई हे सांगत आली. ह्या एका वाक्यावर ती जेवली, झोपली, वडील गेल्यावर पुन्हा उभी राहिली. ते वाक्य काढून घेतलं तर ऐंशीच्या बाईपाशी काय उरणार, म्हणून तो गप्प राहिला असं तो स्वतःला सांगे. आणि दर चार-पाच वर्षांनी, बायको माहेरी गेली की, टेबलावर तसेच दोन सेल, तसेच दोन दिवे मांडून, दिव्याची तार तितकी लाल व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघत बसे. एक तास चाळीस मिनिटं. कधी पाच मिनिटं इकडे, कधी तिकडे. पण अंगठा तोवर दाबत होता की नुसता टेकला होता, हे कुठलं घड्याळ सांगणार.

आई तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत, खिडकीशी बसून मटार सोलत होती. कान तिचे अजून तीक्ष्ण. पावलांवरूनच ओळखून म्हणाली, आज लवकर सुटलास, मेहुण्याने हाकललं की काय. तो समोरच्या स्टुलावर बसला. तिने न बघता त्याच्यापुढे शेंगांचा ढीग सरकवला. त्याने एक शेंग उचलली, ती सोलली नाही.

"आई, ताईने दिवा दाबला होता."

तिची बोटं चालूच राहिली. मग त्याने सगळं सांगितलं, न थांबता, वर न बघता: चार इंच तार, कामात होतो म्हणणं, चुंबकं, लाल तार, खिसा. तिने उत्तराचा दिवा बघितला असणार, हेही सांगितलं. दिवा बघून तिने मग आईला हाक मारली नसणार, हेही. सांगता सांगता त्याला जाणवलं की शेंगा फुटायचा आवाज केव्हाच थांबलाय, आणि कुठल्या वाक्याला थांबला ते आपल्याला आता कधीच कळणार नाही.

 बाहेर कोणीतरी सायकलची घंटा उगाचच वाजवत गेलं.

"किती वेळ?" आईने विचारलं.

इथे खोटं बोलता आलं असतं. दोन मिनिटं म्हणाला असता तर तिने मान हलवली असती. ते उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं, योग्य मापाचं, मुगाच्या दाण्याएवढं.

"दिवा एक तास चाळीस मिनिटं जळला. ती किती वेळ, ते मला माहीत नाही."

आई भिंतीकडे बघत होती. "त्या दिवशी मी एका लहान मुलीचा झगा शिवत होते," ती म्हणाली. "झालरीचा. झालर चारदा उसवली. मशीन एकदाही बंद केलं नसेल."  तिचा चेहरा त्याने ओळखला नाही. तो कधीच न पाहिलेला चेहरा होता, त्या चेहऱ्यावर राग होता आणि तो राग कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. त्याला वाटलं ती आता म्हणेल, ऊठ, जा इथून. त्याने उठायची तयारी केली.

"तिचा दिवा लागलेला होता ना?"

"हो."

"म्हणजे तिला वाटत होतं, तू येतोयस."

त्याने हातातली शेंग ढिगावर परत ठेवली.

"मग घाबरली नसेल," आई म्हणाली. हे ती स्वतःसाठी म्हणाली की त्याच्यासाठी, ते त्याला समजलं नाही, आणि विचारायची त्याची छाती झाली नाही. तिने मांडीवरची टरफलं एकेक करून उचलली, ताटाच्या कडेला नीट रचली. उजेड खिडकीच्या चौकटीतून कमी होत गेला तरी दोघांपैकी कोणीही दिवा लावायला उठलं नाही.

"पण वाट पाहिली असेल रे," ती म्हणाली.